मेलेल्या खानाचा नगारा

इस्फहान, रबिलावल अखेर

खुदादाद,

तुझा निरोप पोचला. नियाज खेचरवाला काल दुपारी लोकरीची गोणी टाकायच्या निमित्ताने अंगणात आला आणि उभ्याउभ्याच बोलला, "तुझा भाऊ म्हणतो, मोठे खान वाटेतच मेले. सरदार लपवून ठेवतायत, पालखीत बसवून आणतायत. उस्तादांना म्हणावं, संध्याकाळचा नगारा बंद करा आणि नगारखान्यातून खाली उतरा." एवढं बोलून पाणीसुद्धा न पिता तो निघाला. त्याच्या पायात नवेकोरे बूट होते. खेचरवाल्याला नवे बूट कोण देतं आणि कशाबद्दल, हे मी त्याला विचारलं नाही. तुला विचारते.

करीमखान गेले त्याच वर्षी आपले बाबा गेले, आणि बाबांच्या चाळिसाव्याला, पाहुणे अजून घरात असताना, तू चपला घालून निघून गेलास. का, तर बाबांनी नगारखान्याची टिपरी पोटच्या मुलाला न देता जावयाला, माझ्या उस्तादांना, दिली. तेव्हापासून ईदेला खुशाली नाही. माझी लेक रुबाबे बाळंतपणात गेली तेव्हाही तुझे दोन शब्द आले नाहीत. आणि आता एकदम तुला माझ्या नवऱ्याच्या जिवाची काळजी लागली.

मी काही दूधखुळी नाही. या शहरात सूर्य मावळताना नगारा वाजला म्हणजे गादीवर कुणीतरी बसलेला आहे, आणि नाही वाजला म्हणजे गादी रिकामी, हे पोराटोरांनाही कळतं. समज, उस्तादांनी तुझं ऐकून टिपरी खाली ठेवली आणि उद्या खान धडधाकट घोड्यावर बसून वेशीतून आत आले. मग? नादिरशहा मारला गेला, त्याचा पुतण्या गादीवर आला, आणि वर्षभरात कुणीतरी बाबांच्या कानात कुजबुजलं की हाही गेला. बाबांनी नगारा थांबवला. शहा जिवंत होता. उजव्या हाताच्या चार बोटांवर भागलं म्हणून लोक बाबांना नशीबवान म्हणत. त्या हाताच्या पट्ट्या मी बदलत होते. तू रजईत तोंड खुपसून पडला होतास, त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही, तू लहान होतास. पण विसरला नसशील.

उस्ताद आशूरचा हात गेला किंवा मान गेली, तर नगारखाना कुणाकडे जाईल? बाबांच्या मुलाकडे. आणि बाबांचा मुलगा सध्या कुठे आहे? मोठ्या खानांवर उलटलेल्या त्यांच्या सावत्र भावाच्या, धाकट्या खानाच्या फौजेत, त्याच्या नगाऱ्यावर. एवढी बेरीज मला येते.

मी उस्तादांना काही सांगितलेलं नाही. आज सकाळी किल्ल्यातला नायब फरामर्ज घरी आला होता. हातात गझ मिठाईची डबी, तोंडभर हसू. म्हणाला, "उस्ताद, अलीकडे हात जरा हलका पडतोय. जोरात होऊ द्या. खान येतायत." किल्ल्यातून आमच्या घरी कधी शिळी भाकरी आली नाही, आज मिठाई कशी आली? मी एक वडी मांजरीला घातली. मांजर अजून तरी जिवंत आहे. उरलेली डबी मी फळीवर ठेवली आहे, खायची हिंमत कुणाला नाही.

या पत्राच्या घडीत मी माझा एक केस ठेवला आहे. तो नसला तर समज की वाटेत कुणीतरी पत्र उघडलं.

गौहर

रबिलाखर, पहिला आठवडा

खुदादाद,

केस जागेवर होता म्हणे, असं नियाज सांगतो. केस जागेवर होता हे नियाजला कसं ठाऊक?

असो. तुझा दुसरा निरोप: "येत्या गुरुवारी आम्ही शहरात शिरतोय. त्याच्या आत उस्ताद खाली उतरले नाहीत तर मी काही करू शकणार नाही. मेलेल्याच्या नावाने वाजवणाऱ्याला आमचे सरदार सोडत नाहीत." हे वाचवणं झालं की धमकी, ते मला अजून कळलेलं नाही.

पण मी हातावर हात धरून बसले नव्हते. सोमवारी हमामात गेले. किल्ल्यातल्या बायकांना मेंदी लावते ती म्हातारी तिथे होती. तिला म्हटलं, "खान येतायत, तुझी तर चंगळ असेल, सगळ्याजणी मेंदी लावत असतील." ती म्हणाली, "कुठली मेंदी, आठ दिवसांत कुणी बोलावलं नाही." मग मी अत्तार गल्लीत मसाले-औषधांच्या दुकानात जाऊन थोडा कापूर मागितला. दुकानदार म्हणाला, "बाई, किल्ल्याने सगळा उचलला. घोड्यांच्या झुलींना कसर लागलीय म्हणे." ऐन थंडीत कसर. प्रेताला आंघोळ घालताना कापूर लागतो हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता आलं-जिऱ्याच्या भावाबद्दल बोलत राहिलो. घरी येताना वाटलं, मी कापूर मागितल्याचं हा आता कुणाला सांगेल?

म्हणून काल मी उस्तादांना सगळं सांगून टाकलं. ते शेगडीवर नगाऱ्याचं कातडं शेकत बसले होते, दमट हवेत ते बसतं म्हणून. मान वर न करता म्हणाले, "माहीत आहे. खुदादादचा माणूस आधी माझ्याकडे आला होता."

"आणि तुम्ही मला बोलला नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

"मी तुमच्या भल्यासाठी गप्प होते."

"मीपण."

तीस वर्षांचा संसार, आणि दोघं एका रजईत एकच गुपित एकमेकांपासून लपवून झोपत होतो. मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "मग उतरत का नाही खाली? मेलेल्या माणसासाठी कशाला जीव घालवता?"

तेव्हा ते जे बोलले ते तुला जसंच्या तसं कळवते. "गौहर, राजा कोण हे मी बाबांना कधी विचारलं नाही, म्हणून त्यांनी टिपरी मला दिली. खुदादाद सारखा विचारायचा. नगारा वाजला की सराफ फळ्या लावतात, बायका हमामातून घरी पळतात, भाजीवाला गाढव वळवतो. एक संध्याकाळ नाही वाजला तर सगळ्यांना कळेल की विचारणारा कुणी नाही, आणि रात्रीत बाजार लुटला जाईल. तू लहानपणी पाहिलंयस ते. मग जो कुणी येईल त्याने यावं. तोवर माणसं उजेडात घरी पोचतायत ना, तेवढं मी बघतो."

असं बोलतात तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटतो. पण खरं सांगू, पुढच्याच घटकेला मनात येतं की हे सगळं बोलायला झालं. फरामर्जची दोन माणसं नगारखान्याच्या जिन्याच्या पायथ्याशी दिवसभर फासे खेळत बसलेली असतात. उतरायचं म्हटलं तरी ती उतरू देतील का, हे उस्तादांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तुझ्या अंगात बाबांचं रक्त असेल तर गुरुवारी तू स्वतः वर ये. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. याला विनंती समज नाहीतर सापळा समज, मला काही फरक पडत नाही.

गौहर

रबिलाखर, मंगळवार

तुला नावाने हाक मारायची माझी इच्छा नाही.

तुमची फौज गुरुवारी आली नाही, चार दिवस उशिरा आली. मोठे खान मेल्याचं फुटलं आणि त्या चार दिवसांत आमच्या शहराचा सुभेदारच राजा होऊन बसला. त्याच्याही नावाने उस्तादांनी वाजवलं. शेजारीण म्हणाली, "उद्या माझा नवरा गादीवर बसला तरी तुमचे उस्ताद वाजवतील." मी हसले होते. चार दिवसांपूर्वी मी हसत होते.

काल संध्याकाळी मी कैसरिया बाजाराच्या दाराशी चादर ओढून उभी होते. मैदानात तुमचे घोडे शिरले तेव्हा वर कर्णेवाले केव्हाच पळाले होते, सनईवालाही पळाला होता. एकटे उस्ताद वाजवत होते. समोरचा कापडवाला शेवटची फळी लावत होता, त्याची लागेपर्यंत ते थांबले नाहीत. मग तू वर गेलास. मी मनात म्हटलं, आला, माझा भाऊ आला. आणि तू काय केलंस? सगळ्या मैदानासमोर माझ्या नवऱ्याच्या थोबाडीत मारलीस. त्यांची टोपी उडवलीस. "मेलेल्या खानाचं कुत्रं" असं ओरडलास आणि लाथ घातलीस. तुझ्या माणसांनी त्यांना दंडाला धरून मागच्या गल्लीत ओढत नेलं, आणि तू खाली वाकून टिपरी उचललीस. तुझ्या सरदाराने तुझ्या पाठीवर थाप मारली, तीही मी पाहिली.

आज सकाळी नियाज आला. म्हणतो, "बाई, काळजी करू नका. उस्तादांना लोकरीच्या गोण्यांमध्ये बसवून काशानला रवाना केलंय. तुमच्या भावाने आधीच ठरवलं होतं. ते मारणं नुसतं दाखवायला होतं." मी त्याला म्हटलं, "दाखवायला रक्त येतं का रे?" त्यावर तो त्याच्या बुटांकडे बघत राहिला.

उस्ताद जिवंत आहेत याचा पुरावा दे. नाही दिलास तर ते मेले आणि तू मारलंस असं मी धरून चालेन, आणि इस्फहानातल्या प्रत्येक हमामात सांगेन.

आज पहाटेचा नगारा तूच वाजवलास ना? मी ऐकलं. बाबा गेल्यापासून असा हात ऐकला नव्हता. तू उस्तादांपेक्षा चांगला वाजवतोस, आणि हे मला कळतं याची मला किळस येते.

जमादिलावल, नौरोजनंतर

खुदादाद,

तू पाठवलेली टोपी मिळाली. टोपी उस्तादांचीच आहे, आतला टाका माझ्या हातचा आहे. पण मेलेल्या माणसालाही टोपी असते. याला पुरावा म्हणतात का?

नौरोजचा, नव्या वर्षाचा मासा आणि समनूच्या गोड लापशीचं भांडं तू पाठवलंस तेही मिळालं. मासा मी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या आंधळ्याला दिला. समनू मांजरीने खाल्लं. मांजर ठीक आहे.

परवा तू दारावर आलास त्याबद्दल लिहिते, कारण तोंडाने बोलताना माझा आवाज चढला आणि अर्धं राहून गेलं. तू दारावरची बायकांनी वाजवायची कडी वाजवलीस. पुरुषांचा जड ठोकळा सोडून ती हलकी कडी वाजवलीस, म्हणजे मला वाटावं शेजारीण आली आणि मी दार उघडावं. लहानपणी खाऊ मागायला तू हेच करायचास, आणि मी फसायचे. या वेळी फसले नाही.

"ताई, दार उघड."

"तिथूनच बोल."

"मी त्यांना मारलं नसतं तर सरदाराने तिथेच कापलं असतं. माझे कैदी झाले म्हणून वाचले."

"मग इतक्या जोरात कशाला मारलंस?"

"हळू मारलं असतं तर कुणाला पटलं असतं?"

"तुझा सगळा राग होता त्यात."

बाहेर चपला वाजल्या. मला वाटलं गेलास. मग म्हणालास, "होता."

तुझ्या एवढ्या बोलण्यात तेवढाच एक शब्द मला खरा वाटला. तेव्हाच दार उघडायला हवं होतं की काय, असं नंतर वाटत राहिलं. पण अडसराला हात लावला आणि डोळ्यांसमोर ती टोपी उडताना दिसली. मग मी ओरडले, तू ओरडलास, आणि शेजारणी गच्चीवर जमल्या.

तू म्हणालास, काशानचा रस्ता बंद आहे, उत्तरेकडून काजार टोळीची फौज निघालीय, म्हणून उस्तादांचा निरोप येत नाही. असेलही. या देशात रस्ता बंद व्हायला निमित्त लागत नाही. आपण दोघांनी किती पाहिले सांग. नादिरशहा, मग त्याचा पुतण्या, त्याचे डोळे सख्ख्या भावाने काढले. मग तो भाऊ, तोही राहिला नाही. मग नातू, तोही आंधळा झाला. मग सफवी घराण्यातलं एक पोर गादीवर बसवून किल्ल्यात कोंडलं. मग अफगाण, मग काजार, मग करीमखान. त्यांच्या राज्यात मी मुलगी वाढवली, लग्न करून दिली, आणि वाटलं की आता संपलं. ते डोळे मिटायच्या आत भाऊबंद एकमेकांच्या गळ्याला लागले. एकाच घरातली माणसं, एका ताटात जेवलेली. आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवावा म्हणतोस.

रोज संध्याकाळी गच्चीवर बसते आणि तुझा नगारा ऐकते. तो ऐकायला बसते, असं मात्र समजू नकोस. वाळत घातलेले कपडे काढायला जाते.

गौहर

जमादिलाखर, मध्यावर

खुदादाद,

आता मी लिहिते ते एका दमात वाच.

आज दुपारी काशानजवळच्या कमसर गावची गुलाबपाणी विकणारी बाई दारावर आली. मला काही घ्यायचं नव्हतं. ती म्हणाली, "तुम्हीच गौहर ना? काशानमध्ये आमच्या भट्टीवर एक उस्ताद लाकडं फोडायला असतात. त्यांनी सांगितलंय, इथे आशच्या पेजेत मीठ बेताचं असतं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवतोय." मी तिला हाताला धरून आत घेतलं. खुदादाद, असला टोमणा दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. तो मेलेला माणूस पाठवत नाही आणि खोटा निरोप रचणाराही पाठवत नाही. उस्ताद जिवंत आहेत. त्यांच्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं म्हणे, तुझ्या थपडेने. पण जिवंत आहेत. तू दर मुक्कामावर त्यांच्यासाठी माणूस ठेवला होतास, तेही तिने सांगितलं. मला तू हे का सांगितलं नाहीस? सांगितलंस तरी मी कुठे मानलं असतं म्हणा.

मी चुकले. तुला खुनी म्हटलं, दाराबाहेर उभं केलं, तुझा मासा भिकाऱ्याला दिला. हे सगळं तू मला नंतर हवं तेवढं ऐकव, पण आधी पुढचं ऐक.

ती बाई काजारांच्या फौजेच्या फक्त दोन मुक्काम पुढे होती. आणि मी आत्ता शिराझच्या वेशीकडून येते आहे. तुझ्या धाकट्या खानांच्या जनान्याच्या पालख्या दुपारीच बाहेर पडल्या, मागोमाग पेट्यांनी लादलेली खेचरं, आणि त्यांच्या मागे स्वयंपाकघराच्या मोठ्या पराती. पराती घेऊन कुणी शिकारीला जात नाही. खान पळाले, खुदादाद. किल्ला रिकामा आहे. फरामर्ज तुझ्याकडे येऊन जोरात वाजवायला सांगून गेला असेल, तर ते त्यांना पुढे जायला अवकाश मिळावा म्हणून. तो स्वतः उद्या काजारांच्या स्वागताला उभा राहील, आणि वर सापडशील तो तू.

आज संध्याकाळी टिपरी हातात धरू नकोस. खाली उतर. मागच्या गल्लीने घरी ये. मी दोन्ही अडसर काढून ठेवले आहेत.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. ही तर माझ्या नावाने खडे फोडत होती, हिला नवरा परत आणून नगाऱ्यावर बसवायचाय, मी थांबलो आणि खान परत फिरले तर माझीही बोटं जातील. तुझ्या जागी मी असते तर अगदी हेच म्हटलं असतं. तुला पटवायला माझ्यापाशी काहीच नाही. एक गुलाबपाणीवाली आहे, आणि पराती मी मोजल्यासुद्धा नाहीत. मी तुझी बहीण आहे, एवढंच सांगू शकते, आणि ते तू मला तीन महिने सांगत होतास.

थांब.

तू सुरू केलंस. एकटाच आहेस वर, कर्ण्याचा आवाज नाही, सनईचा नाही. म्हणजे तुला कळलेलं आहे. कळूनही वाजवतोयस. खाली बाजारात फळ्या लागतायत, मला इथवर ऐकू येतंय.

पत्र पोचायला आता वेळ नाही, आणि पोचलं तरी आपल्या घरात पत्रावर विश्वास ठेवायची कुणाला सवय नाही. हे तंदूरपाशी उस्तादांसाठी ठेवते आणि चादर घेते. जिन्याशी फरामर्जची माणसं अडवतील, बायकांना वर मनाई आहे म्हणतील. त्यांना सांगेन, वर वाजवतो तो माझा धाकटा भाऊ आहे, त्याला मी घरी न्यायला आले आहे.